सुपडू नानांची काच

सुपडू नाना कुठलीही वस्तू आधी उजेडाला धरत. पापड असो, कांद्याचा पापुद्रा असो, एसटीचं तिकीट असो. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कोणी पेढे वाटले तर बाकीचे पेढा तोंडात टाकत, नाना त्याच्याखालचा कागद खिडकीपाशी नेऊन पाहत. माझं लग्न ठरलं तेव्हा मी त्यांना मुलाचा फोटो दाखवला. त्यांनी फोटोही उजेडाला धरला, मागून पुढून पाहिला आणि विचारलं, "पातय करी दखं का?"

म्हणजे, पातळ करून पाहिलं का? हा त्यांचा प्रश्न सगळ्या गोष्टींना चाले. प्राचार्य बदलणार अशी बातमी आली, पातळ करून पाहिलं का? शिपायाने गावाकडे जमीन बघितली, पातळ करून पाहिलं का? आणि मागोमाग दुसरं वाक्य ठरलेलं असे: "जाड दगड बठ्ठा कायाच दखातस." जाड असले की सगळे दगड काळेच दिसतात.

नाना धुळ्याच्या आमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होते. कागदावर त्यांचं काम पाणी भरणं, नमुने पुसणं आणि टेबलं लावणं हे होतं. खरं काम एकच, दगडाची काच करणं. दगडाची चकती कापायची, काचेच्या पट्टीवर बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवायची आणि कार्बोरंडमच्या खरखरीत पुडीत गोल गोल घासत राहायचं. घासून घासून दगड कागदाहूनही पातळ होतो आणि मग त्यातून उजेड आरपार जातो. त्या पट्टीला आमच्या विभागात सगळे नुसतं काच म्हणत. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की बाहेरून काळाठिक्कर असलेला दगड आत किती रंगांचा आहे ते कळतं. तो कुठून आला, वर येताना वाटेत थांबला का, काय काय बरोबर घेऊन आला, हे त्यातल्या खनिजांवरून वाचता येतं.

नानांच्या वडिलांचा धंदा पाटे-वरवंटे घडवायचा. नानांच्या आधीची दोन भावंडं गेली म्हणून ह्यांना सुपात घालून शेजारणीला विकलं आणि मूठभर ज्वारीला परत घेतलं, त्यावरून नाव सुपडू. ते सातवी शिकले होते. पण त्यांच्या काचा इतक्या चांगल्या असत की बाहेरून येणारे परीक्षक निघताना दोन-चार मागून नेत. एकदा एका परीक्षकांनी तोंडी परीक्षेत एका मुलाला काच दाखवून खनिज विचारलं. मुलगा घामाघूम झाला. नाना चहा घेऊन आत आले, कपबशी ठेवताना पुटपुटले, "साखर खाली बसली आहे, ढवळून घ्या." मुलाने काच ठेवलेली सूक्ष्मदर्शकाची गोल बैठक फिरवून पाहिली, खनिजाचा रंग बदलला आणि त्याला उत्तर सुचलं. परीक्षक म्हणाले, तुमच्याकडचा चहा बिनसाखरेचा आहे, एवढं मला कळतं. पण मार्क दिले.

मी त्या विभागात गेले तीही नानांमुळेच. आम्ही जळगावजवळच्या असोद्याचे. घरी केळीची शेती. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नव्हतं. धुळ्याला मावशी होती म्हणून माझे वडील, आबा, मला तिथे घेऊन आले. मला भूगोल घ्यायचा होता. प्रवेशाच्या रांगेत भूगोलाच्या खिडकीशी गर्दी, आणि शेजारच्या रिकाम्या खिडकीपाशी नाना उभे. त्यांना विभागप्रमुखांनी मुलं जमवायला पाठवलं होतं. आबांनी विचारलं की दोन्ही 'भू'च आहे, तर फरक काय. नाना म्हणाले, "भूगोल वरवरचा, भूगर्भ आतला." आबांनी पुढे विचारलं, विहिरीला पाणी लागेल का ते ह्यात कळतं का. कळतं, म्हणाले. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, अर्ज सरळ त्या खिडकीत सरकवला. वर्षभर मी रडत होते. आज माझ्या पाटीवर प्राध्यापिका लिहिलं आहे ते त्या रिकाम्या खिडकीमुळे, हे मी कुठेही सांगायला लाजत नाही.

काच करायला मला नानांनी शिकवलं. पहिल्या तीन मी घासून घासून संपवल्याच. दगड नाहीसा झाला आणि हातात नुसती काचपट्टी राहिली. नाना ओरडले नाहीत. त्यांनी नियम सांगितला. चकती जाड असते तोवर सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले पांढरे स्फटिक पिवळे दिसतात. घासत गेलं की पिवळेपणा जातो आणि करडा रंग येतो. "पिवळं आहे तोवर घास. करडं झालं की हात काढ. त्याच्यापुढं एक हात जास्त मारला तर दगड राहत नाही, नुसती काच राहते." हाही नियम ते सगळ्याला लावत. नव्या सुनेशी भांडणाऱ्या एका कारकून बाईंना त्यांनी ऐकवलं होतं, बाई, करडं झालं, आता हात काढा. बाईंनी त्यांच्याशी महिनाभर अबोला धरला.

मी शिकले, पुढे तिथेच नोकरीला लागले. विद्यार्थ्यांसमोर नाना मला मॅडम म्हणत आणि काच घासायच्या खोलीत केळीवाली.

आता नानांचा दुसरा नाद सांगते. धुळे, साक्री ह्या बाजूला जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती वर आलेल्या आहेत. कोणी बांधलेल्या नाहीत. फार पूर्वी खालचा तापलेला शिलारस जमिनीच्या भेगांत घुसला, तिथेच गोठला, आणि आजूबाजूचा खडक झिजून गेल्यावर ह्या भिंती उघड्या पडल्या. आम्ही पुस्तकात त्यांना डाइक म्हणतो, गावातले लोक भिंतच म्हणतात. सहल कुठेही निघो, नाना प्रत्येक मुलाच्या हातात एक रिकामी पिशवी देत आणि सांगत की दिसेल त्या भिंतीचा मूठभर दगड आण, आणि गावाचं नाव विसरू नको. त्यांच्या घराच्या ओट्यावर, माळ्यावर, न्हाणीच्या कठड्यावर दगड होते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाने गावाचं नाव. मुलं म्हणत, नाना दगड जमवून बंगला बांधणार. विभागप्रमुख म्हणत, सरकारने नेमलेल्या माणसांनी मोजल्या नसतील इतक्या भिंती सुपडूने मोजल्या. सुट्टीच्या दिवशी नाना त्या दगडांच्या काचा करत आणि एका लाकडी पेटीत ओळीने लावून ठेवत. कशासाठी, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही. विक्षिप्त माणसाचं एक बरं असतं, त्याला कारण विचारायची गरज कोणाला वाटत नाही.

कारण मला कळलं ते आखाजीला.

खानदेशात आखाजी म्हणजे लेकींचा सण. अक्षय तृतीया. सासरी असलेल्या प्रत्येक बाईला माहेरचा मुराळी न्यायला येतो. गावोगाव कडुनिंबाला झोके बांधतात, पोरी-बाया झोक्यावर बसून गाणी म्हणतात. त्या आठवड्यात पुरुषांची घरं ओस पडतात. आमच्या स्टाफरूममध्ये एकच चेष्टा चाले. हॉटेलची शेवभाजी डब्यातून आणून खाणारे एकमेकांना विचारत, "काय भाऊ, धाडली का माहेरी?" आणि समोरचा सुटकेचा सुस्कारा टाकल्यासारखं करून म्हणे, "धाडली." नानांच्या डब्यात मात्र त्या आठवड्यातही घरची भाकरी असे आणि त्यांना तो प्रश्न कोणी विचारत नसे.

माझ्या लग्नाच्या आदल्या वर्षीची गोष्ट. मावशी आजारी होती म्हणून त्या आखाजीला मी धुळ्यातच होते. नानांनी जेवायला बोलावलं. त्यांच्या घरी मी पहिल्यांदाच गेले. नानांच्या बायकोने, भागाकाकूंनी, खापरावर पुरणाचे मांडे केले होते. बाहेर गल्लीत बाया गात होत्या. काकू पाट्यावर वाटण वाटत होत्या, त्यांचे ओठ गाण्याबरोबर हलत होते, पण आवाज येत नव्हता. मी सहज विचारलं, तुम्ही नाही गेलात माहेरी?

"आम्हाला कुठलं माहेर," काकू म्हणाल्या. "दगडाला माहेर असतं का?" आणि हसल्या.

मग त्यांनीच सांगितलं. त्या चार-पाच वर्षांच्या असताना धुळ्याजवळ रस्त्याचं काम चाललं होतं. खडी फोडणाऱ्यांच्या टोळीत त्यांची आई होती. पटकीची साथ आली, आई दोन दिवसांत गेली. टोळी घाबरून रातोरात उठून गेली आणि पोर तिथेच राहिली. दगड फोडायच्या टाक्या, छिन्न्या विकायला तिथे जाणाऱ्या नानांच्या वडिलांनी तिला घरी आणलं. आईच्या गाठोड्यात लुगडं होतं ते जाळून टाकलं. उरला तो एक वरवंटा. तोच त्यांच्या हातात होता, मधोमध झिजून बारीक झालेला. पोरीला गावाचं नाव सांगता येईना. तिला एवढंच आठवत होतं की घराच्या मागे काळी भिंत होती आणि भिंतीच्या सावलीत आई झोका द्यायची.

नानांच्या वडिलांनी खूप शोधलं. बाजाराला येणाऱ्या प्रत्येकाला ते विचारत, तुमच्या गावात गढी आहे का, गढीची काळी भिंत आहे का, पोर हरवली आहे का. भिंत म्हटल्यावर माणसाच्या डोक्यात गढीच येणार. अशी पाच-सात गावं ते पोरीला खांद्यावर घेऊन फिरून आले. मग ती घरातच वाढली आणि पुढे त्याच घरची सून झाली.

"आणि हे कॉलेजात लागले," काकू नानांकडे वरवंटा रोखून म्हणाल्या. "आधी लायब्ररीत होते. एक दिवस दगडवाल्यांच्या वर्गात खडू द्यायला गेले. तिथले सर शिकवत होते, ही भिंत माणसानं बांधलेली नाही, जमिनीतून आली आहे. यांच्या हातातला खडूचा डबा खाली. तसेच घरी पळत आले. मला म्हणाले, भागा, तुझी भिंत गढीची नव्हती."

नाना मांडा उजेडाला धरून बसले होते.

त्या भिंतीसाठीच त्यांनी आपली बदली आमच्या विभागात मागून घेतली होती. दर भिंतीच्या काळ्या दगडाचं आतलं रूप थोडं वेगळं असतं. वरवंटा गावातल्या पाथरवटाने गावामागच्याच दगडाचा घडवला असणार. तेव्हा वरवंट्याची काच करायची आणि ती भिंतींच्या काचांशी जुळवायची, एवढंच बाकी होतं. पण काकू वरवंट्याला हात लावू देत नव्हत्या. आईचा हात लागलेला दगड आहे, त्याला कापायचं चाक लावायचं नाही. नाना वीस वर्षं भिंती जमवत राहिले आणि त्यांनी वरवंट्याला चाक लावलं नाही.

निघताना काकू मला वाटेपर्यंत पोचवायला आल्या. गल्लीच्या तोंडाशी झोका रिकामा होता. मी म्हटलं, बसा ना. त्या म्हणाल्या, "माहेरच्या झोक्यावर बसावं. सासरच्या झोक्यावर नुसती दोरी असते." मग हळूच म्हणाल्या, "यांना सापडलं तर एकदा बसेन."

पुढे दोन वर्षांनी वरवंटा काकूंच्या हातातून निसटून पायरीवर पडला आणि त्याच्या टोकाचा सुपारीएवढा टवका उडाला. काकूंनी तो धुऊन, रुमालात बांधून नानांना दिला. म्हणाल्या, हा त्यानेच दिला, मी नाही कापला.

पण तोवर नानांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. डॉक्टर शस्त्रक्रिया करा म्हणत होते आणि पाथरवटाचा मुलगा डोळ्यावर टाकी चालवू द्यायला तयार नव्हता. "जगच जाड झालं, मॅडम," असं म्हणून हसत. ती काच त्यांनी डोळ्यांनी नाही, बोटांनी घासली. मग एका दुपारी माझ्या टेबलाशी आले, रुमालातून काच काढली आणि पेटी शेजारी ठेवली. म्हणाले, "बेटा, एवढी बघून दे. माझ्या भिंतींत हिचं कोणी आहे का." टवक्याचा उरलेला तुकडाही कागदाच्या पुडीत होता.

आखाजी आठ दिवसांवर होती. माझं लग्न होऊन वर्ष होत होतं, ही माझी पहिली आखाजी. आबा स्वतः मुराळी म्हणून येणार होते. मी म्हटलं, नाना, माहेरी जाऊन येते आणि आल्या आल्या पाहते.

"हां, जा," नाना म्हणाले. "माहेर आधी."

मी काच खणात ठेवली.

असोद्याहून आले तर पुढे परीक्षा होत्या. मग उत्तरपत्रिका आल्या, मग माझ्या प्रबंधाचं टिपण द्यायचं होतं, मग मला दिवस गेले आणि पोटातलं गेलंही. कारणं सगळी खरी होती. पेटी कपाटावर होती, काच खणात. नानांनी आठवण केली नाही. एकदा मात्र, दिवाळीनंतर, मी जिना उतरत असताना ते खालून वर येत होते. थांबले. डोळे बारीक करून मला ओळखलं आणि विचारलं, "मॅडम, पातय करी दखं का?"

मी हसले. बाकीचे हसायचे तशीच. म्हटलं, "नाना, जाड दगड बठ्ठा कायाच." तेही हसले आणि वर गेले.

त्या एका वेळी तो प्रश्न खरा होता. इतकी वर्षं तो इतक्यांना विचारला गेला होता की ज्या एकीला खरोखर विचारला तिला ऐकूच आला नाही.

माघात काकूंना ताप आला. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

तेराव्याला मी नानांच्या घरी गेले. पाटा भिंतीला टेकवून ठेवलेला होता, वरवंटा त्याच्या पायाशी आडवा. नाना मला म्हणाले की जेवून जा. मी तिथून सरळ कॉलेजात आले आणि खण उघडला.

काच उत्तम झाली होती. आंधळ्या बोटांनी घासलेली, आणि करडा रंग अगदी बरोबर. काळ्या दगडाच्या बारीक विणीत मधूनमधून गोल, स्वच्छ पांढरे कण होते, आणि प्रत्येक कणाभोवती बारीक हिरव्या सुयांची किनार. हे कण त्या दगडाचे नव्हेत. शिलारस वर येताना खूप खालच्या जुन्या ग्रॅनाइटमधून गेला, तिथले कण त्यात सापडले आणि त्याच्याबरोबर वर आले. ते त्यात पूर्ण विरघळले नाहीत. शिलारसाने त्यांच्याभोवती हिरवी किनार धरली आणि त्यांना तसंच सांभाळलं. नाना अशा कणांना पाहुणे म्हणत. मला पहिल्यांदा दाखवताना त्यांनी सांगितलं होतं, "बघ, पाहुणा परका आहे, पण घरानं त्याला काठाचं लुगडं नेसवलं." तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

असे पाहुणे आमच्याकडच्या फार थोड्या भिंतींत आहेत. मी नानांची पेटी उतरवली आणि एकेक काच लावत गेले. दोन दिवस लागले. फक्त दोनच दिवस. ते मी नऊ महिने काढू शकले नव्हते.

दोन भिंती जुळल्या. एक धुळ्याच्या दक्षिणेची, दुसरी साक्रीकडची. खनिजं दोन्हींत तीच. मग मी पुडीतला तुकडा कुटला आणि दोन्ही भिंतींच्या दगडांची पूड केली. रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने मला कारण न विचारता तिन्हींचं पृथक्करण करून दिलं. ग्रॅनाइट जास्त विरघळला असेल तर दगडात सिलिका आणि पोटॅश वाढतं. दक्षिणेच्या भिंतीत ते कमी होतं. वरवंटा आणि साक्रीकडची भिंत मात्र सख्ख्या बहिणींसारख्या निघाल्या.

मी नानांना सांगायला गेले तेव्हा चैत्र संपत आला होता. ते ओट्यावर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. विचारलं, "नक्की?"

खोटं बोलणं सोपं होतं. पण काचेत दिसतं तेवढंच सांगायचं, हे त्यांनीच शिकवलेलं. मी म्हटलं, भिंत नक्की. गाव नाही. ती भिंत लांब आहे, तिच्या कडेने सात गावं आहेत. त्यांतलं काकूंचं कोणतं, ते दगड सांगू शकत नाही.

नाना बोटांनी ओट्याच्या फरशीवर गोल गोल घासत होते. मग म्हणाले, "सात?"

"सात."

"एक नव्हतं. आता सात."

मी असोद्याला निरोप धाडला की यंदा आखाजीला मुराळी पाठवू नका. आई पोस्टातल्या फोनवरून बोलत होती, आधी रागावली, मग कारण ऐकून निवळली. म्हणाली, त्यांच्यासोबत जा.

आखाजीच्या सकाळी आम्ही साक्रीच्या गाडीत बसलो. नानांनी कोरं खणाचं कापड आणलं होतं. त्यात वरवंटा गुंडाळून मांडीवर धरला होता. सातांतलं जे पहिलं गाव लागतं तिथे उतरलो. गावामागे भिंत उभी होती, काळी, पुरुषभर उंच, शेतांमधून सरळ गेलेली. तिच्या सावलीत कडुनिंब होता आणि कडुनिंबाला झोका. पोरी गात होत्या. नानांना ते नीट दिसत नव्हतं, तरी ते भिंतीपर्यंत गेले आणि तिला हात लावून उभे राहिले.

एक म्हातारी झोक्याजवळ बसली होती. तिने विचारलं, "कोना घर उनात, भाऊ?" कोणाकडे आलात?

नाना म्हणाले, "मुराळी शे."

म्हातारीने विचारलं, कोणाला न्यायला.

"लेवाले नही," नाना म्हणाले. "पोचाडाले उनू." न्यायला नाही, पोचवायला आलो.

मग त्यांनी कापड उलगडलं. पुढचं सगळं मी तिला सांगितलं, थोडक्यात. शेवटी हेही सांगितलं की गाव हेच असेल असं नाही. म्हातारीने ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. कोण्या रखमाची पोर खडीच्या कामावर गेली ती आलीच नाही, असं तिने लहानपणी ऐकलं होतं म्हणे; पण अशा किती गेल्या, म्हणाली. तिने एका पोरीला पाणी आणायला सांगितलं. दारात आलेल्या लेकीच्या पायावर ओततात तसं तिने वरवंट्यावर तांब्याभर पाणी ओतलं, पदराने पुसला आणि हळद-कुंकू लावलं. मग पोरींना उतरायला सांगून तो झोक्याच्या फळीवर ठेवला. बारशाला बाळाच्या आधी वरवंटा पाळण्यात घालतात, त्यामुळे तिथल्या बायांना त्यात नवल वाटलं नाही. त्यांनी झोका दिला. गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं.

नाना भिंतीला टेकून ऐकत होते.

निघायच्या वेळी ते वरवंटा उचलायला गेले तर म्हातारीने हात धरला. "लेक चार रोज राही. मंग लई जा." चार दिवस राहील, मग घेऊन जा.

परतीच्या गाडीत मी शेवटी बोलले. नऊ महिने काच खणात होती, नाना. मी वेळेवर पाहिली असती तर काकू स्वतः झोक्यावर बसल्या असत्या. जिन्यात तुम्ही विचारलं आणि मी हसले. हे सगळं मी त्यांच्याकडे न बघता म्हटलं.

नाना खिडकीकडे तोंड करून बसले होते. तसेच म्हणाले, "किती दिवस घासते आहेस हे?"

"माघापासून."

"करडं झालं, बेटा. आता हात काढ."

पुढच्या थांब्यावर कंडक्टर तिकिटं फाडत आला. तरणा होता, सणाच्या दिवशी ड्युटी लागलेली, तरी मजेत होता. गाडीतल्या प्रत्येक एकट्या पुरुषाची तो थट्टा करत होता. नानांची मांडी रिकामी आणि शेजारी आजीऐवजी मी, हे पाहून म्हणाला, "काय बाबा, एकलाच? आजीले धाडं का माहेर?"

मी त्याला थांबवायला तोंड उघडलं. पण नानांनी मान वर केली होती. इतर पुरुषांसारखा त्यांनी खोटा सुस्कारा टाकला.

"हां," ते म्हणाले. "आत्तेच धाडी उनू."

कंडक्टर हसला आणि पुढे गेला. नानांनी तिकीट उजेडाला धरलं आणि धुळे येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.